मागे प्रवासी नाहीत म्हणून

अमेरिकेत मोठी विमानं चालवणाऱ्या वैमानिकांच्या विश्रांतीसाठी दोन वेगळे नियम आहेत. मागे माणसं बसली असतील तर एक, खोकी रचलेली असतील तर दुसरा. विमान बोइंग 767 असो की एअरबस ए-300, धावपट्टी तीच असते, परवाना तोच आणि रात्रही तीच. तरीही पहिल्या वैमानिकाला थकवा येतो हे कायदा मान्य करतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत डोळेझाक करतो. 4 जानेवारी 2014 पासून हा भेद रीतसर लागू आहे. तो विज्ञानाला धरून नाही, आणि त्याहून गंभीर म्हणजे तो माणुसकीला धरून नाही, असं माझं ठाम मत आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या कुरिअर कंपन्यांत मोडणाऱ्या फेडेक्स आणि यूपीएसचा कारभार याच नियमांखाली चालतो. त्यांची विमानं केवळ अमेरिकेवरून उडत नाहीत, आणि ज्या हिशेबातून हा भेद जन्माला आला तो हिशेब तर कुठल्याही देशात करता येतो. आपल्याकडेही.

आधी हा नियम आला कसा, ते पाहू. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ कोल्गन एअरचं एक छोटं प्रवासी विमान एका घरावर कोसळलं. विमानातले 49 आणि जमिनीवरचा एक, असे 50 जण गेले. चौकशीत पुढे आलं की सहवैमानिक तरुणी राहायला सिअ‍ॅटलला होती आणि तिची ड्युटी न्यूअर्कहून सुरू व्हायची. आदली रात्र तिनं देश ओलांडण्यात घालवली होती, तीही मेम्फिसमार्गे, मालवाहू विमानांत मिळालेल्या जागेवर बसून. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडलं आणि 2010 मध्ये संसदेनं कायदा करून विमान वाहतूक प्रशासनाला, म्हणजे एफएएला, झोपेच्या शास्त्रावर आधारलेले नियम लिहायला लावलं.

एफएएनं ते चांगले लिहिले. रात्री ड्युटी सुरू होत असेल तर कमाल तास कमी. एका ड्युटीत उड्डाणं जास्त असतील तर तास आणखी कमी. ड्युटीआधी किमान 10 तासांची विश्रांती आणि त्यात सलग 8 तास झोपेची संधी. आठवड्यातून एकदा सलग 30 तास पूर्ण मोकळे. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं कलम असं, की आपण उडण्याच्या स्थितीत नाही असं वैमानिकानं सांगितलं तर कंपनी त्याला विमानात बसवू शकत नाही. पहिल्या मसुद्यात मालवाहू कंपन्याही होत्या. डिसेंबर 2011 मध्ये अंतिम नियम आला तेव्हा त्या वगळल्या होत्या. स्वतःहून हा नियम स्वीकारायची मुभा तेवढी त्यांना ठेवली. सक्ती नसेल तिथे खर्च वाढवून घ्यायला कोणती कंपनी पुढे येणार? मालवाहू वैमानिकांसाठी अनेक दशकांपूर्वीचे जुने नियम कायम राहिले, आणि त्या नियमांना दिवस आणि रात्र यांतला फरकच माहीत नाही. सकाळी 10 वाजता सुरू झालेले आठ तास आणि मध्यरात्री सुरू झालेले आठ तास त्यांच्या लेखी सारखेच.

वगळण्याचं कारण लपवलेलं नव्हतं. अमेरिकी सरकार प्रत्येक नियमाचा खर्च आणि फायदा डॉलरमध्ये मोजतं. फायदा मोजताना वाचलेल्या प्रत्येक जिवाची एक किंमत धरली जाते. त्या काळात ती साठ लाख डॉलरच्या आसपास होती. प्रवासी विमान पडलं तर दीडशे-दोनशे जीव जातात, म्हणून अपघात टाळण्याचा फायदा प्रचंड. मालवाहू विमानात दोन माणसं असतात, फार तर चार. दोन माणसांची किंमत गुणिले अपघाताची शक्यता हा आकडा कंपन्यांना येणाऱ्या खर्चापेक्षा कितीतरी लहान निघाला आणि विषय संपला.

सरकारनं खर्च मोजणं गैर आहे असं मी म्हणत नाही. रस्ता कुठून न्यायचा, रुग्णालय कुठे बांधायचं, सगळीकडे हे करावंच लागतं. इथे मात्र मोजणीनं एक वेगळीच गोष्ट ठरवली. एखाद्या माणसाला झोप मिळण्याचा हक्क त्याच्या मागे किती माणसं बसली आहेत त्यावर अवलंबून आहे, असं तिनं ठरवलं. त्याचा स्वतःचा जीव त्या हिशेबात जवळजवळ नाहीच. खाणीत उतरणाऱ्या मजुराला हेल्मेट द्यायचं की नाही हे त्याच्या शेजारी किती मजूर उभे आहेत ते बघून आपण ठरवत नाही.

आणि हिशेब म्हणूनही तो कच्चा आहे, कारण विमान हवेत असलं तरी खाली गावं असतात. 4 ऑक्टोबर 1992 रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या बेल्मरमेअर भागात एल अलचं मालवाहू 747 एका मोठ्या रहिवासी इमारतीत घुसलं. 43 जण मेले, त्यातले 39 जमिनीवरचे. 16 जानेवारी 2017 रोजी हाँगकाँगहून इस्तंबूलला निघालेलं एक मालवाहू 747 किर्गिझस्तानात बिश्केकजवळ उतरताना विमानतळाबाहेरच्या वस्तीवर पडलं. वैमानिक आणि कर्मचारी मिळून चार, आणि घरांतले 35 जण गेले. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिलला उड्डाण करतानाच यूपीएसच्या एमडी-11 चं इंजिन सुटलं आणि ते कारखाने-गोदामांच्या भागावर कोसळलं. त्यातही जमिनीवरचेच लोक जास्त गेले. या अपघातांचं खापर मी थकव्यावर फोडत नाही. बेल्मरमेअरलाही इंजिनच तुटून पडलं होतं. माझा मुद्दा एवढाच, की ‘मालवाहू विमानात दोनच जीव’ हे गृहीतक जमिनीवर टिकत नाही.

आता या माणसांचं आयुष्य कसं असतं ते जरा सविस्तर पाहिलं पाहिजे, कारण आपल्याला दिसतो तो फक्त दारात आलेला डबा.

रात्रीच्या कुरिअरचं सगळं तंत्र एका वेळेभोवती फिरतं. संध्याकाळी शहराशहरांतून पार्सलं गोळा होतात. रात्री अकरा ते एकच्या सुमारास शेकडो विमानं मेम्फिस किंवा लुइव्हिलसारख्या एका केंद्रावर उतरतात. तिथे दोन-तीन तासांत लाखो पार्सलांची छाननी होते आणि पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान तीच विमानं पुन्हा बाहेर पडतात. वैमानिकाला मधले दोन-अडीच तास मिळतात. या केंद्रांवर छोट्या अंधाऱ्या झोपायच्या खोल्या असतात. तिथे पाठ टेकायची, गजर लावायचा आणि शरीर सर्वांत खोल झोपेत शिरतं त्याच घटकेला उठून कॉकपिटमध्ये बसायचं. पहाटे दोन ते सहा हा काळ मानवी शरीराच्या जागरूकतेचा तळ असतो. शरीराचं तापमान उतरलेलं, प्रतिसाद मंद, निर्णय चुकण्याची शक्यता सर्वाधिक. विमान खाली आणण्याचं सर्वांत नाजूक काम नेमकं तेव्हा करायचं.

मग सूर्य उगवल्यावर हॉटेलात पोचायचं. जग जागं झालेलं असतं. पडद्याच्या फटीतून ऊन येतं, बाहेर मार्गिकेत सफाईचं यंत्र घरघरतं, शेजारच्या खोलीत कुणी टीव्ही लावतं. पण या गोष्टी नसल्या तरी दिवसाची झोप पुरेशी होत नाही, कारण शरीराचं घड्याळच उठवतं. रात्री मालवाहतूक करणाऱ्या वैमानिकांचा अभ्यास नासाच्या संशोधकांनी केला, तेव्हा दिवसा घेतलेली झोप बरीच तोकडी आणि उथळ असते हे स्पष्ट दिसलं. पाच रात्री असं केलं की झोपेचं देणं साठत जातं. आठवड्याच्या शेवटी घरी आल्यावर मात्र मुलांबरोबर दिवसा जागायचं असतं, म्हणजे घड्याळ पुन्हा उलटं फिरवायचं. शरीर दिवसाला साधारण एक तास सरकतं, दोन दिवसांत बारा तास सरकत नाही.

लांब पल्ल्याचं काम वेगळ्या प्रकारे खडतर असतं. अलास्कातलं अ‍ॅंकरेज हे त्याचं ठाणं. आशिया आणि अमेरिका यांच्या मधोमध पडणाऱ्या या थंड शहरात जगातली मालवाहू 747 आणि 777 इंधन भरायला आणि वैमानिक बदलायला उतरतात. एका फेरीत वैमानिक अ‍ॅंकरेजहून शांघाय किंवा इंचॉनला जातो, तिथून आखातात, तिथून जर्मनीतल्या लाइपझिग किंवा कोलोनला आणि मग अटलांटिक ओलांडून परत. दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, हे चालतं. कुठल्याच गावाची रात्र त्याच्या शरीराची रात्र नसते. विमानात तीन किंवा चार वैमानिक असले की आळीपाळीनं झोपता येतं. 747 च्या वरच्या मजल्यावर कॉकपिटमागे दोन बंक असतात. हवाईसुंदरी नसते, जेवण स्वतः गरम करून घ्यायचं. खालच्या डेकवर सेमीकंडक्टर, औषधं, फुलं, कोंबडीची पिल्लं, कधी शर्यतीचे घोडे आणि त्यांच्याबरोबर त्यांचे मोतद्दार. बंकमधली झोप कोरड्या हवेत, गोंगाटात, धक्क्यांत तुटत राहते. आणि ज्याच्या वाट्याला पहिली पाळी येते त्याला नुकतंच उठून आलेलं असताना झोपायचं असतं. झोप येईलच असं नाही.

रात्रपाळीचे परिणाम रात्रीपुरते राहत नाहीत. शरीराचं घड्याळ मोडणाऱ्या पाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्येच बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलं आहे. घरच्यांच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट असते: जगाची सणासुदीची खरेदी जेव्हा वाढते तेव्हाच या वैमानिकांचा कामाचा हंगाम शिगेला पोचतो. थँक्सगिव्हिंग ते नाताळ या काळात घरी असणारा मालवाहू वैमानिक विरळा.

करोनाच्या वर्षांत या लोकांना सगळ्यांनी अत्यावश्यक म्हटलं. प्रवासी विमानं जमिनीवर होती आणि मास्क, औषधं, पुढे लसी यांचा मोठा भार मालवाहू विमानांवर आला. त्याच काळात हाँगकाँगमध्ये कॅथे पॅसिफिकचे वैमानिक बंद साखळीत काम करत होते: सुमारे तीन आठवडे उड्डाणं, बाहेरगावी हॉटेलच्या खोलीबाहेर पाय ठेवायचा नाही, मग परत आल्यावर दोन आठवडे विलगीकरण, आणि तेव्हा कुठे घर. नोव्हेंबर 2021 मध्ये फेडेक्सनं तिथला आपला वैमानिकांचा तळच बंद करायचं जाहीर केलं. अत्यावश्यक ठरवलेल्या माणसाकडून सगळं घ्यायचं, पण त्याच्या झोपेची हमी कायद्यात लिहायची वेळ आली की त्याला वगळायचं, हे मला मान्य होत नाही.

या वगळण्याचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे 14 ऑगस्ट 2013 च्या पहाटे समोर आला. नवा नियम लागू व्हायला पाच महिने बाकी होते. यूपीएसचं एअरबस ए-300 लुइव्हिलहून अलाबामातल्या बर्मिंगहॅमला निघालं होतं. दोन्ही वैमानिकांचं त्या रात्रीचं हे तिसरं उड्डाण. उड्डाणाआधी कॉकपिटमध्ये ते ज्या विषयावर बोलत होते तो ध्वनिमुद्रकात नोंदला गेला: विश्रांतीच्या नव्या नियमांतून मालवाहू वैमानिकांना वगळलं, हाच तो विषय. सहवैमानिक म्हणाली की झोपायच्या खोलीत चांगली झोप लागली, पण गजर वाजला तेव्हाही ती दमलेलीच होती. बर्मिंगहॅमची मुख्य धावपट्टी दिव्यांच्या दुरुस्तीसाठी बंद होती. दुसऱ्या, लहान धावपट्टीकडे येताना विमान फार वेगानं खाली गेलं, उंचीकडे वेळेवर लक्ष गेलं नाही आणि स्थानिक वेळेनुसार पावणेपाचच्या सुमारास ते धावपट्टीआधीच्या टेकडीवर आदळलं. दोघेही गेले.

इथे प्रामाणिक राहिलं पाहिजे. चौकशी मंडळानं सप्टेंबर 2014 मध्ये मुख्य कारण म्हणून अस्थिर स्थितीत सुरू ठेवलेलं अवतरण आणि उंचीवरचं दुर्लक्ष नोंदवलं. थकवा हातभार लावणारा घटक ठरला, आणि सहवैमानिकेनं मोकळ्या वेळेचा उपयोग झोपेसाठी नीट केला नाही असंही म्हटलं. कंपन्यांचे समर्थक हेच पुढे करतात: वेळापत्रकात खोट नव्हती, मग नियम काय करणार? मी उत्तर असं देईन. तासांची मर्यादा हा नव्या नियमाचा एकच भाग आहे. थकव्याबद्दलचं सक्तीचं प्रशिक्षण, विश्रांती ही कंपनी आणि वैमानिक या दोघांची जबाबदारी असल्याचं कायद्यात लिहिणं आणि ‘आज नाही’ म्हणण्याचा हक्क हे दुसरे भाग आहेत. दमून उठलेली व्यक्ती सहकाऱ्याजवळ थकव्याबद्दल बोलते आणि तरीही विमान घेऊन निघते, याचा अर्थ नाही म्हणणं त्या धंद्यात सोपं नव्हतं. तिनं दिवसा काय केलं हे तपासणं योग्यच आहे. पण दिवसा झोपायला जमलं नाही म्हणून माणसाला दोष देणारी व्यवस्था आधी रात्री काम करायला लावते, हेही तिथेच लिहायला हवं होतं.

थकव्यानं काय होतं याचा धडा तर या क्षेत्राला कितीतरी आधी मिळाला होता, आणि तोही मालवाहू विमानाकडूनच. 18 ऑगस्ट 1993 रोजी क्यूबातल्या ग्वांतानामो तळावर उतरताना एक डीसी-8 कोसळलं. कॉकपिटमधले तिघेही जखमी होऊन वाचले. रात्रभर उडून आलेल्या त्या मंडळींना अटलांटात ऐनवेळी नवी फेरी दिली होती. परतीचं रिकामं उड्डाण मर्यादेत मोजलंच जात नसल्यानं ते कागदोपत्री कायदेशीर ठरत होतं. कॅप्टननं नंतर सांगितलं की शेवटच्या क्षणांत त्याला सुस्ती आली होती, काही वाटेनासंच झालं होतं. अपघाताचं मुख्य कारण म्हणून अमेरिकी चौकशी मंडळानं थकव्याचं नाव घेतलं, ते याच प्रकरणात पहिल्यांदा. ज्या वर्गानं हा धडा रक्तानं शिकवला त्यालाच 18 वर्षांनी नियमातून बाहेर ठेवलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फेडेक्स आणि यूपीएसचे वैमानिक जगातल्या सर्वाधिक पगार घेणाऱ्यांत मोडतात, त्यांच्या संघटना बळकट आहेत, महिन्यात त्यांना मोठ्या सलग सुट्या मिळतात. अनेकांना हे काम मनापासून आवडतं: प्रवाशांच्या तक्रारी नाहीत, घोषणा नाहीत, रात्रीचं मोकळं आकाश. हे खरं आहे. पण सगळा माल या दोन कंपन्या नेत नाहीत. मोठ्या विक्रेत्यांची आणि कुरिअर कंपन्यांची पार्सलं कंत्राटी विमान कंपन्या उडवतात, आणि तिथला वैमानिक करार करताना तितक्या ताकदीनं बोलू शकत नाही. चांगल्या करारानं मिळणारी विश्रांती पुढच्या वाटाघाटीत जाऊ शकते. कायद्यातली विश्रांती सर्वांत दुबळ्या कंपनीतल्या सर्वांत कनिष्ठ वैमानिकापर्यंत पोचते.

आणि धंदा कोलमडेल ही भीती? युरोपात 2016 पासून लागू असलेल्या नियमांत प्रवासी आणि मालवाहू असा भेद नाही. कॅनडानंही मालवाहू कंपन्यांना आत घेतलं. कार्गोलक्स ही मालवाहू कंपनी लक्झेंबर्गहून उडतेच आहे, लाइपझिगचं रात्रीचं केंद्र चालूच आहे. अमेरिकेत यूपीएसच्या वैमानिकांची संघटना न्यायालयात गेली आणि 2016 मध्ये हरली. खर्चाचा विचार करण्याचा अधिकार एफएएला आहे असं न्यायालय म्हणालं. भेद मिटवणारं विधेयक संसदेत अनेकदा मांडलं गेलं. ते अजून मंजूर झालेलं नाही.

आपल्याला हा विषय परका वाटायचं कारण नाही. रात्री एका मध्यवर्ती गावी विमानं जमवायची, थैल्या बदलायच्या आणि पहाटेआधी पांगायचं, ही युक्ती 1973 मध्ये मेम्फिसला फेडेक्सनं सुरू केली असं जग समजतं. आपल्या टपाल खात्याची रात्रीची विमानसेवा 1949 पासून हेच नागपुरात करत होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्रीनंतर तिथे भेटायची. आज मिहानच्या रूपानं नागपूरला पुन्हा मालवाहतुकीचं केंद्र करायचं स्वप्न आहे, नवी मुंबईच्या विमानतळाकडूनही तीच अपेक्षा आहे. ब्लू डार्टची 757 विमानं रात्रीचं जाळं विणतच असतात. भूगोल आपल्या बाजूनं आहे, माल वाढतो आहे आणि ते व्हावं असं मलाही वाटतं.

पण रात्रीच्या थकव्याची किंमत आपण भरलेली आहे. 22 मे 2010 रोजी दुबईहून रात्री निघालेलं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरला धावपट्टी सोडून दरीत गेलं, 158 जण मेले. ध्वनिमुद्रकावर कॅप्टनचं घोरणं नोंदलेलं होतं. दीड तासाहून जास्त झोपून तो उतरण्याच्या थोडं आधी उठला होता. झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू पूर्ण जागा नसतो, आणि चौकशी समितीनं तेच नोंदवलं. त्या विमानात प्रवासी होते म्हणून आपल्याला तो लक्षात आहे. मागे आंब्याच्या पेट्या असत्या तरी कॅप्टनचा मेंदू तसाच अर्धवट जागा असता.

2024 मध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं चांगले नियम केले: आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास, रात्रीची व्याख्या सकाळी सहापर्यंत, रात्रीच्या अवतरणांची मर्यादा सहावरून दोनवर. ते टप्प्याटप्प्यानं 2025 मध्ये लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं, हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि तिच्यासाठी रात्रीच्या ड्युटीचे नियम सैल झाले. प्रवासी अडकले होते, दबाव मोठा होता, हे मी समजू शकतो. पण प्रवाशांच्या बाबतीत, कॅमेऱ्यांसमोर असं होत असेल, तर रात्री अडीचला खोकी भरणाऱ्या विमानाच्या वैमानिकासाठी कोण उभं राहील?

म्हणून नागपूर आणि नवी मुंबईच्या मालवाहतुकीचे आराखडे होत असतानाच काही गोष्टी कागदावर याव्यात. मालवाहू वैमानिकाच्या विश्रांतीचे नियम प्रवासी वैमानिकापेक्षा एका मिनिटानंही कमी नसावेत आणि तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. सवलत दिली तर कोणाला, किती दिवस आणि कोणत्या अभ्यासाच्या आधारावर, हे महासंचालनालयानं त्याच दिवशी जाहीर करावं. थकव्यामुळे किती वैमानिकांनी ड्युटी नाकारली आणि त्यांच्यावर पुढे काय झालं, याचे आकडे दरवर्षी कंपनीनिहाय प्रसिद्ध व्हावेत. आणि शीतगृह, कस्टम्स, धावपट्टी यांच्या नकाशात विमानतळाच्या आवारातच अंधाऱ्या, आवाज न पोचणाऱ्या झोपायच्या खोल्या पहिल्याच टप्प्यात असाव्यात, नंतर जागा उरली तर नव्हे.